एमटाइमवर विसंबलो आणि ४१२ पानं बॅकअपमधून सुटली – स्टॅटबद्दल मदत हवी

नारायणपेठकर | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण नीट मांडल्याशिवाय उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

नारायण पेठेत आमचं छोटं ऑफिस आहे, तीन माणसांचं. जुनी कागदपत्रं स्कॅन करून द्यायचं काम. सध्या रविवार पेठेतल्या एका जुन्या पेढीच्या मोडीतल्या खतावण्या चालू आहेत. पान उलटताना कडा झडतात, त्यामुळे एक पान एकदाच स्कॅनरखाली जातं. पुन्हा करू म्हणायची सोय नाही.

बॅकअपसाठी मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली होती. रात्री दोनला चालते. मागच्या वेळी कधी चालली ती वेळ एका फाइलीत लिहून ठेवते, सगळी फोल्डरं फिरते, प्रत्येक फाइलवर स्टॅट मारते (म्हणजे तिचा आकार, मालक, वेळा विचारते), आणि जिचा एमटाइम, म्हणजे मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ, मागच्या वेळेनंतरचा असेल ती त्या रात्रीच्या गठ्ठ्यात टाकते. गठ्ठा बाहेरच्या डिस्कवर जातो आणि डिस्क दर शनिवारी सिंहगड रोडला माझ्या घरी. दीड वर्ष विनातक्रार चाललं.

जूनमध्ये पावसात लाईट गेली, यूपीएसही बसला, म्हणून सहकाऱ्याने चार दिवस लॅपटॉपवर स्कॅनिंग केलं. नंतर ती ४१२ पानं पेनड्राइव्हवरून मुख्य मशीनवर आणली. आणताना त्याने सीपी या कॉपीच्या कमांडला ‘-पी’ लावलं, म्हणजे स्कॅनिंगची मूळ तारीख राहील. त्याचं अजिबात चुकलं नाही, नोंदीसाठी आम्हाला ती तारीख लागतेच. पण स्क्रिप्टने त्या रात्री बघितलं तर सगळ्या फाइलींचा एमटाइम चार-पाच दिवसांपूर्वीचा. मागच्या रनच्या आधीचा. एकही फाइल उचलली नाही.

तीन आठवड्यांनी मुख्य डिस्क गेली. सगळं परत आणलं तेव्हा खतावणी क्रमांक ४ मध्ये एकदम पोकळी. ३८३ पानं पेनड्राइव्हवर अजून होती. उरलेली २९ पुन्हा स्कॅन करावी लागली, आणि त्यातल्या एका पानाचा वरचा कोपरा माझ्या हातात तुटून आला. तिथे तारीख होती.

काल मुद्दाम तसंच पुन्हा करून बघितलं. पेनड्राइव्हवरून आणलेल्या एका फाइलवर स्टॅट कमांड मारली:

फाइल: खतावणी_०४१.टिफ
आकार: २६१४४०३२, ब्लॉक: ५१०६४, साधी फाइल
आयनोड: ३९३२४७१, दुवे: १
परवानगी: ०६४४
एमटाइम: ११ जून, १७:२२:०८
सीटाइम: काल, २१:०५:३७
जन्म: काल, २१:०५:३७

सीटाइम तर कालचाच आहे! म्हणजे सीटाइम बघितला असता तर फाइली सुटल्या नसत्या. पण सीटाइम म्हणजे क्रिएशन टाइम ना? मग जन्म वेगळ्या ओळीत का दाखवतोय? आणि एमटाइमच्या जागी सीटाइम घातला की काम होईल का?

---

जुना सिस्टीमवाला | मंगळवार, सकाळी ६:५०

तुटलेल्या कोपऱ्याचं वाचून वाईट वाटलं. आधी एक गैरसमज दूर करतो, तो फार जणांचा असतो. युनिक्समध्ये सीटाइममधला ‘सी’ हा चेंजचा. क्रिएशनशी त्याचा संबंध नाही.

तुम्ही मोडीत काम करता म्हणून त्याच भाषेत सांगतो. आपल्या पुण्यातल्या पेशवे दप्तरात कागद रुमालात बांधलेले असतात. समजा रुमालावर एक चिठ्ठी आहे: आत किती कागद, कुणाच्या ताब्यात, कुणाला बघायची मुभा. आयनोड ही ती चिठ्ठी. स्टॅट रुमाल सोडत नाही, फक्त चिठ्ठी वाचून दाखवतो. म्हणूनच फाइल वाचायची परवानगी नसली तरी तिच्यावर स्टॅट चालतो. लागतं ते एवढंच, की तिथवर जाणाऱ्या वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून पुढे जायची, म्हणजे ‘एक्स’ची परवानगी असावी.

आता वेळा. आतला कागद बदलला की एमटाइम बदलतो. चिठ्ठीवरचं काहीही बदललं, म्हणजे मालक, परवानगी, दुव्यांची संख्या, आकार किंवा खुद्द एमटाइम, तर सीटाइम बदलतो. आतला कागद बदलला तर चिठ्ठीही बदलते, म्हणून तेव्हा दोन्ही बदलतात. आणि मुख्य फरक हा: एमटाइम फाइलच्या मालकाला हवा तसा मागेपुढे करता येतो. टच करतं, सीपी -पी करतं, टारमधून फाइल काढताना होतं. सीटाइम हवा तो लिहायला सिस्टीम कॉलच दिलेला नाही. मशीनचं घड्याळच मागे फिरवलं तर गोष्ट वेगळी.

म्हणजे तुमच्या सहकाऱ्याने ११ जून ही तारीख फाइलवर लिहिली, ती स्टॅटने इमानाने वाचून दाखवली. स्क्रिप्टला विचारायचं होतं ‘ही फाइल या डिस्कवर कधी आली’, आणि विचारलं ‘हिच्यातला मजकूर कधीचा आहे’.

स्टॅट आणि एफस्टॅट (हा आधीच उघडलेल्या फाइलवर चालतो) दोन्ही युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये आहेत, नोव्हेंबर १९७१. एलस्टॅट पुढे १९८३ साली बर्कलेच्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत सिंबॉलिक लिंकबरोबर आला. अशी लिंक म्हणजे दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी फाइल, आणि एलस्टॅट खुद्द त्या लिंकची चिठ्ठी वाचतो. जन्मवेळ मात्र या तिघांपैकी लिनक्सवर कुणीच देत नाही. त्यासाठी २०१७ मध्ये कर्नल ४.११ बरोबर स्टॅटएक्स हा वेगळा कॉल आला. तुमची स्टॅट कमांड नव्या धाटणीची आहे म्हणून ती जन्म दाखवते. पण तो जन्म या डिस्कवरच्या या आयनोडचा. तुमच्या पानाचा नव्हे.

---

खडकीवासी | मंगळवार, सकाळी ९:१५

काकांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. +१

एक छोटं निरीक्षण: एमटाइममध्ये सेकंद ०८ आहेत. तुमच्या पेनड्राइव्हवर फॅट ही जुनी फाइल सिस्टीम असेल तर सगळ्या फाइलींचे सेकंद सम निघतील, कारण फॅट बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने ठेवते. शिवाय ती स्थानिक वेळ लिहिते, कुठल्या टाइमझोनची हे लिहीत नाही. कधी वेळा जुळल्या नाहीत आणि फरक बरोबर साडेपाच तासांचा निघाला, तर फाइल बिघडलीय का ते शोधत बसू नका, पेनड्राइव्ह माउंट करतानाचा, म्हणजे सिस्टीमला जोडतानाचा, टाइमझोन बघा. माझा एक अख्खा रविवार त्यात गेलाय.

आणि सरळ आरसिंक, म्हणजे दुसरीकडे हुबेहूब प्रत ठेवणारा प्रोग्रॅम, का नाही वापरत? तो समोरच्या फाइलचा आकार आणि एमटाइम जुळवतो, घड्याळाशी तुलना करतच नाही. समोर फाइलच नसेल तर उचलणारच.

---

नारायणपेठकर | मंगळवार, दुपारी १:३०

काका, मनापासून आभार. रुमालाच्या चिठ्ठीने एका झटक्यात कळलं. सहकाऱ्यालाही वाचून दाखवलं.

खडकीवासी, सेकंद खरंच सगळे सम आहेत, आत्ताच पाहिले. आरसिंकचं म्हणाल तर आमच्याकडे समोर आरसा नाही, रोजचा वेगळा गठ्ठा आहे. पेढीच्या मालकांशी करारच तसा आहे की कुठल्या दिवशी काय झालं ते त्या दिवसाच्या गठ्ठ्यात दिसावं.

तर मग एमटाइम काढून सीटाइम घालतो आणि आज रात्रीपासून चालू करतो.

---

मुळाकाठ | मंगळवार, रात्री १०:०५

थांबा, आज रात्री चालू करू नका. सीटाइमलाही एक भोक आहे आणि तुमच्या कामात ते नक्की लागेल.

मी हिंजवडीत स्टोरेजवर काम करते, हा प्रकार वर्षातून दोनदा तरी समोर येतो. तुमच्याच मशीनवर करून बघा. एक फोल्डर बनवा, आत दोन फाइली टाका, दहा मिनिटं थांबा. मग ते अख्खं फोल्डर एमव्ही या हलवायच्या कमांडने त्याच डिस्कवर तुमच्या बॅकअपच्या झाडाखाली, म्हणजे बॅकअप होणाऱ्या फोल्डरांत, हलवा. आता आतल्या फाइलींवर स्टॅट मारा. एमटाइम जुना. सीटाइमही जुना. बदल झालाय तो फोल्डरच्या सीटाइममध्ये आणि ज्या दोन फोल्डरांमधून ते निघालं नि गेलं त्यांच्या एमटाइममध्ये. आतल्या फाइलींच्या आयनोडला कुणी हातच लावला नाही, मग त्यांची वेळ का बदलेल?

तुमच्याकडे असं कुठे होतं? ‘तपासायचे’ फोल्डरमधून ‘झाले’ फोल्डरमध्ये खतावणी सरकवताना होत असणार. आणि ‘तपासायचे’ बॅकअपमध्ये नसेल तर ती अख्खी खतावणी सुटेल. ४१२ पानांची पुनरावृत्ती, फक्त दुसऱ्या वाटेने.

माझं म्हणणं, घड्याळ सोडूनच द्या. मागच्या रात्रीचा स्टॅट जपून ठेवा आणि आजच्या स्टॅटची त्याच्याशी तुलना करा. प्रत्येक फाइलसाठी एक ओळ: पूर्ण पाथ, आयनोड क्रमांक, आकार, एमटाइम, सीटाइम. आज जो पाथ यादीत नाही तो नवा, उचला. जो आहे पण चारपैकी काहीही वेगळं आहे, तो बदललेला, उचला. जो यादीत आहे पण डिस्कवर नाही, तो मोठ्या अक्षरात रिपोर्टमध्ये लिहा, कारण तुमच्या धंद्यात पान गायब होणं ही बातमी आहे.

गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम, हेच करतं. त्याच्या इंडेक्समध्ये प्रत्येक फाइलचा मागचा स्टॅट असतो, आणि गिट स्टेटस म्हटलं की ते फाइलींवर एलस्टॅट मारत सुटतं. जुळलं की फाइल उघडतसुद्धा नाही. म्हणून हजारो फाइलींवरही ते लगेच उत्तर देतं.

दोन गोष्टी सांभाळा. एक, डिव्हाइस क्रमांक यादीत ठेवलात तरी तुलनेत घेऊ नका. बाहेरची डिस्क किंवा नेटवर्कवरची डिस्क पुन्हा जोडली की तो बदलू शकतो आणि मग सगळंच बदललेलं दिसेल. गिटही डीफॉल्टला तो बघत नाही. दोन, पायथनमध्ये एसटी_एमटाइम हा अपूर्णांक असतो, त्यात नॅनोसेकंदांचे शेवटचे आकडे मावत नाहीत. एसटी_एमटाइम_एनएस घ्या, तो पूर्णांक आहे. सीटाइमचंही तसंच.

---

जुना सिस्टीमवाला | बुधवार, सकाळी ६:३०

ताई, हे सांगितलंत ते फार बरं केलंत. फोल्डर हलवल्याचा मुद्दा माझ्या प्रतिसादातून सुटला होता. नारायणपेठकर, यांचं ऐका.

फक्त एक भर घालतो. कुणी एखाद्या दिवशी सगळ्या झाडावर सीएचमॉड (परवानगी बदलणं) किंवा सीएचओन (मालक बदलणं) चालवलं, तर हजारो फाइलींचा सीटाइम बदलेल आणि त्या रात्रीचा गठ्ठा फुगेल. तेव्हा असं करा: आयनोड, आकार, एमटाइम तेच आणि एकटा सीटाइम वेगळा असेल, तर फाइल वाचून चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढा. चेकसम तोच निघाला तर यादीतली ओळ सुधारा, फाइल उचलू नका. चेकसम अर्थात पहिल्या दिवसापासून यादीत ठेवावा लागेल.

---

पर्वतीपायथा | बुधवार, दुपारी ४:१०

नमस्कार, मी दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. धागा वाचून घरी सीमध्ये स्टॅट लिहून बघितला. एसटी_मोड, म्हणजे स्टॅटमधला प्रकार आणि परवानगीचा आकडा, छापला तर ३३१८८ आला. परवानगी तर ६४४ आहे. हा आकडा कुठून आला? काही चुकलं का? प्रश्न फार बाळबोध असेल तर माफ करा.

---

जुना सिस्टीमवाला | बुधवार, संध्याकाळी ७:२०

बाळा, माफी कसली. स्वतः लिहून बघितलंस, उत्तर आलं, ते खटकलं म्हणून विचारलंस. असंच शिकतात.

चुकलं काहीच नाही. तू दशमानात छापलंस, तो आकडा अष्टमानात वाचायचा असतो. ३३१८८ अष्टमानात लिहिला की १००६४४ होतो. उजवीकडचे तीन अंक ६४४ ही परवानगी. त्याच्या डावीकडचा एक अंक सेटयूआयडी, सेटजीआयडी आणि स्टिकी या तीन खास बिटांचा, इथे तो शून्य. आणि सगळ्यात डावीकडे उरलेलं १० म्हणजे ‘ही साधी फाइल आहे’. फोल्डरवर मारून बघ, बहुतेक १६८७७ येईल, अष्टमानात ४०७५५. तिथे ४ म्हणजे फोल्डर. सिंबॉलिक लिंकला एलस्टॅट मार, १२०७७७ दिसेल.

प्रकार ओळखताना आकडे तोंडाने जुळवायचे नाहीत. एस_आयएसआरईजी, एस_आयएसडीआयआर असे मॅक्रो दिलेले आहेत, ते वापर. स्वतः करायचंच असेल तर आधी ०१७०००० या मास्कने अँड कर आणि मग तुलना कर. बरीच मुलं सुटे बिट तपासतात आणि ब्लॉक डिव्हाइसला फोल्डर समजून बसतात, कारण ब्लॉक डिव्हाइसच्या ०६०००० मध्ये फोल्डरचा ०४०००० हा बिट असतोच.

आणि स्ट्रेस लावून बघ, तो प्रोग्रॅमने कर्नलला केलेले कॉल दाखवतो. तू स्टॅट लिहिला असलास तरी कर्नलकडे जाताना न्यूएफस्टॅटअ‍ॅट असं नाव दिसू शकतं. घाबरू नकोस, नव्या ग्लिबसीत, म्हणजे सीच्या लायब्ररीत, तसं आहे. त्या ओळीच्या महिरपी कंसात एसटी_मोड किती छान फोडून दाखवलाय ते बघ.

---

पर्वतीपायथा | बुधवार, रात्री ९:४५

काका!! दिसलं! एस_आयएफआरईजी आणि उभी रेघ आणि ०६४४. आणि फोल्डरला १६८७७च आलं. खूप खूप आभार.

---

नारायणपेठकर | शुक्रवार, रात्री १२:२०

दोन रात्री बसून ताईंनी सांगितलं तसं लिहिलं. यादी बनते, तुलना होते. फोल्डर हलवायची परीक्षा घेतली, पास. दुसऱ्यांदा लगेच चालवलं तर इतकं झटकन संपलं की मला वाटलं काही केलंच नाही. आयनोड मेमरीत असतात तोवर डिस्ककडे जावंच लागत नाही, हे आता कळलं.

पण नवीनच प्रकार समोर आला. पेढीकडून आलेली एक सूची आहे, तिच्यात प्रत्येक पानाचं नाव टाइप केलेलं आहे. म्हटलं यादीबरोबर हीसुद्धा ताडून बघू, म्हणून सूचीतल्या प्रत्येक नावावर स्टॅट मारला. ३७ नावांना ‘अशी फाइल नाही’. फोल्डर उघडून बघितलं तर फाइल समोर बसलेली. नाव अक्षर न् अक्षर तेच. उदाहरणार्थ ‘दुसऱ्या_वहीचे_पान_१२’. सूचीतलं कॉपी करून पेस्ट केलं तरी नाही, आणि फाइलच्या नावावरून हाताने टाइप केलं तर आहे. छातीत धस्स झालं होतं, पुन्हा पानं गेली की काय म्हणून.

---

खडकीवासी | शुक्रवार, सकाळी ८:३०

३७ नावांमध्ये ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ असं काही आहे का सगळ्यांत?

---

नारायणपेठकर | शुक्रवार, सकाळी ८:५५

हो!! दुसऱ्या, कोऱ्या, व्यापाऱ्याचे, वऱ्हाड. सगळ्या ३७ मध्ये!

---

खडकीवासी | शुक्रवार, सकाळी ९:४०

मग तेच. मी मराठी फॉन्ट आणि टायपिंगच्या कामात बरीच वर्षं आहे, या चंद्रकोरी ‘र’ने भल्याभल्यांना रडवलंय.

तो तीन तऱ्हांनी टाइप होतो. पहिली: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसरी: साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त, य. तिसरी: साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, मग य. पडद्यावर तिन्ही एकसारखे. पण ‘दुसऱ्या’ हा शब्द पहिल्या तऱ्हेने २१ बाइट, उरलेल्या दोन्ही तऱ्हांनी २४ बाइट, आणि त्या २४ मध्येही बाइट वेगवेगळे. लिनक्सची फाइल सिस्टीम नावाकडे अक्षरं म्हणून बघत नाही. तिच्या लेखी नाव म्हणजे बाइटांची रांग. एक बाइट इकडचा तिकडे झाला की ते दुसरं नाव, आणि स्टॅट ईएनओईएनटी, म्हणजे ‘अशी फाइल नाही’ ही एरर, देणारच.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे बरोबरीची रूपं एकाच रूपात आणल्यावर, एक होतात. पायथनच्या युनिकोडडेटामधून एनएफसी करा, दुसरीची पहिली होते. तिसरीचं काही होत नाही, कारण युनिकोडच्या हिशोबात ती पहिलीच्या बरोबरीची नाही. तिथे तुम्हालाच र-हलन्त-जोडक शोधून त्या जागी ऱ-हलन्त घालावं लागेल. दोन्ही बाजूंना करा, सूचीलाही आणि डिस्कवरून वाचलेल्या नावांनाही, मगच तुलना. डिस्कवरची मूळ नावं मात्र बदलू नका, नाहीतर तुमची पाथची यादी पुन्हा सगळी नवी दिसेल.

आणखी एक. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी मोजायची. नावाची मर्यादा बहुतेक फाइल सिस्टीमवर २५५ बाइट आहे, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. ‘टिफ’चं एक्स्टेन्शन इंग्रजी अक्षरांत धरलं तर ८३. पेढीवाले सूचीत अख्खं वाक्य लिहीत असतील तर एक दिवस ‘नाव फार लांब’ ही एरर येईल. माझं मत विचाराल तर फाइलच्या नावात फक्त आकडे ठेवा आणि मराठी नाव सूचीत ठेवा. मराठी लिहिणाऱ्याने हे म्हणावं याचं मला वाईट वाटतं, पण दुसऱ्या कुणाच्या मशीनवर ही फाइल वीस वर्षांनी उघडायची आहे.

---

मुळाकाठ | शुक्रवार, रात्री १०:५०

खडकीवासी, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. एलस्टॅटमध्ये लिंकचा आकार म्हणजे आतल्या पाथची बाइटमधली लांबी. ‘खतावणी’कडे जाणाऱ्या लिंकचा आकार १८ का दिसतो, हे एकदा मला नवख्या पोराने विचारलं होतं. सहा चिन्हं, तिप्पट. तेव्हा मी नुसतं ‘यूटीएफ’ म्हणून वेळ मारून नेली होती.

नारायणपेठकर, स्क्रिप्ट चालू करण्याआधी दोन ठिकाणं बघा.

पायथनमधलं ‘फाइल आहे का’ सांगणारं ओएस.पाथ.एग्झिस्ट्स वापरत असाल तर काढा. फाइल नसेल तर तो फॉल्स देतो, आणि फोल्डरमध्ये शिरायची परवानगी नसेल तरीही फॉल्सच देतो. ‘नाही’ आणि ‘मला बघू देत नाहीत’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. सरळ स्टॅट मारा, एरर पकडा, आणि ईएनओईएनटी सोडून दुसरं काही आलं तर त्या रात्रीचा बॅकअप अपुरा असं स्पष्ट लिहा. फोल्डरं फिरणारा ओएस.वॉक तर फोल्डर वाचता आलं नाही तर डीफॉल्टला गप्प पुढे जातो. त्याला ऑनएरर द्या, म्हणजे एरर आली की तो कळवेल.

दुसरं, रात्री दोनला कुणी स्कॅन करत नसेल, पण एखादी मोठी कॉपी चालू राहू शकते. पाथवर स्टॅट मारून मग ओपन करू नका, मधल्या वेळात त्या नावाखाली दुसरी फाइल येऊ शकते. आधी ओपन, मग त्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे उघडलेल्या फाइलला मिळालेल्या क्रमांकावर, एफस्टॅट. म्हणजे जी उघडली तिचीच चिठ्ठी वाचताय याची खात्री. पूर्ण वाचून झाल्यावर त्याच डिस्क्रिप्टरवर पुन्हा एफस्टॅट. आकार किंवा एमटाइम हलला असेल तर ती फाइल गठ्ठ्यात अर्धवट गेली, शेवटी पुन्हा घ्या. यादीत ओळ लिहायची ती वाचण्याआधीच्या एफस्टॅटची. नंतरची लिहिलीत तर वाचताना झालेला बदल उद्या ‘जुनाच’ दिसेल.

---

जुना सिस्टीमवाला | शनिवार, सकाळी ७:००

शेवटचं वाक्य दोनदा वाचा सगळ्यांनी. आम्ही हे ऐंशीच्या दशकात टेपवर बॅकअप घेताना भोगून शिकलो.

---

नारायणपेठकर | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१०

मंडळी, मुद्दाम थांबलो होतो, थोडं चालवून मग लिहावं म्हणून.

सगळं बदललं. ओपन, एफस्टॅट, वाचन, पुन्हा एफस्टॅट. यादी. चेकसम. ऱ्याचं नॉर्मलायझेशन. सूचीतली सगळी नावं आता जुळतात, ३७ धरून. खतावणी ४ नंतरच्या नव्या खतावण्यांना फाइलच्या नावात फक्त आकडे.

ओएस.वॉकला ऑनएरर दिल्यावर पहिल्याच रात्री एक फोल्डर सापडलं. ‘जमाखर्च_जुने’. त्याची परवानगी कधीतरी ७०० झाली होती आणि मालक सहकाऱ्याचा युजर. बॅकअपचा युजर आत शिरूच शकत नव्हता. दीड वर्षात त्यातली एकही फाइल कुठल्याही गठ्ठ्यात गेली नव्हती, आणि एकदाही एरर दिसली नव्हती. डिस्क गेली तेव्हा ते फोल्डर कसं वाचलं? तर ते लॅपटॉपवरही होतं, योगायोगाने. १,१४६ फाइली. त्या रात्रीच्या गठ्ठ्यात त्या पहिल्यांदा गेल्या.

गेल्या बुधवारी सहकाऱ्याने खतावणी ६ ‘तपासायचे’मधून ‘झाले’मध्ये एमव्हीने सरकवली, अगदी ताई म्हणाल्या होत्या तशी. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. सकाळी येऊन रिपोर्ट बघितला: नवे पाथ २१८, गायब ०. जाऊन पानं मोजली. २१८.

पेढीच्या मालकांना तुटलेल्या कोपऱ्याचं सांगायला काल गेलो होतो. तो तुकडा मी पारदर्शक पाकिटात ठेवला होता, सोबत नेला. आजोबांनी भिंगातून बघितला आणि तारीख वाचून दाखवली. ती आता सूचीत लिहिली आहे.

---

पर्वतीपायथा | रविवार, रात्री ११:३०

दादा, स्क्रिप्ट इथे टाकाल का? मला ती वाचून सीमध्ये लिहून बघायची आहे.

---

नारायणपेठकर | सोमवार, सकाळी ८:०५

पेढीचे पाथ काढून आज संध्याकाळी टाकतो. ऑफिस अप्पा बळवंत चौकापासून पाच मिनिटांवर आहे, पुस्तकं घ्यायला आलास तर वर ये, चालू असताना दाखवतो.